विहिरीचा आकडा

गेल्या वर्षी आमच्या ग्रामपंचायतीनं मला शाल आणि नारळ दिला. शेजारच्या पोरीचा जीव मी वाचवला, असं सरपंच माईकवर म्हणाले. मी उठून नमस्कार केला आणि खाली बसलो. तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहितो आहे.

मी एसटीत कंडक्टर होतो. निवृत्त झाल्यावर लक्षात आलं की आता आपल्याला कुणी काही विचारत नाही, गाडी कधी सुटणार हेसुद्धा नाही. विचारायचे ते एकच, आकडा. डेपोतल्या एका जुन्या ड्रायव्हरनं मला स्वप्नावरून मटक्याचा आकडा काढायला शिकवलं होतं. साप दिसला तर सात, लग्न दिसलं तर नऊ. विहीर दिसली तर दोन, पण कोरडी असेल तर चार. यात काही शास्त्र नव्हतं हे मला माहीत होतं. मी स्वतः कधी आकडा लावला नाही, त्यामुळं मी स्वतःला सज्जन समजत होतो.

शेजारची पोर तेवीस-चोवीस वर्षांची. केजला मेडिकलवर कामाला जायची. आता मटक्यासाठी टपरीवर जावं लागत नाही, सगळं मोबाईलवर आहे, त्यामुळं पोरीही खेळतात. रोज सकाळी ती माझ्या ओट्यापाशी स्कूटी थांबवायची.

"आबा, आज परत विहीर."

"पाणी होतं?"

"होतं."

"मग दोन."

"कालबी दोनच दिलता तुमी. लागला न्हाई."

"तू नीट बघत न्हाईस. लांबून दिसली का काठावरनं?"

"काठावरनं."

काही घडलं की लिहून ठेवायचं, ही माझी नोकरीतली खोड. तारीख, स्वप्न, आकडा, अशी वही होती. आठ महिन्यांत तिची विहीर जवळ येत गेली. आधी लांबून दिसायची, मग काठावरून. एके दिवशी ती म्हणाली, आज मी आत होते.

"भाईर यायला धडपडलीस का?"

"न्हाई आबा. आत लई बरं वाटत होतं. लई दिसांनी झोप लागल्यावानी."

हे माझ्या यादीत नव्हतं. मी जरा विचार केला आणि सहा सांगितला. वहीत तसंच आहे. विहीर, आत, बरं वाटलं, सहा.

त्यानंतर चार दिवसांनी मेडिकलवरून फोन आला की पोर कामावर आलेली नाही. वडील केजच्या रस्त्यानं शोधायला निघाले. मी म्हणालो, "मळ्यातल्या विहिरीवर बघा." ती तिथंच होती, काठावर बसलेली. चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या. वडिलांनी हाताला धरल्यावर ती "चला" म्हणाली आणि चालू लागली.

आबांना कसं कळलं, यावर गावात बरीच चर्चा झाली. जुनं माणूस हाय, त्याला कळतं, असं ठरलं. शाल त्याचीच. दोष तिच्या आईला मिळाला, तिनं मोबाईल घेऊन दिला म्हणून.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात बाप-लेकीबरोबर मीही गेलो. डॉक्टरनं विचारलं, "झोप कधीपासून नाही?"

वडील म्हणाले, "आठ दिवस झाले, साहेब. एकदमच झालं."

वही माझ्या पिशवीत होती. मी पिशवी मांडीवरून काढून खुर्चीखाली ठेवली. स्वप्नं पडतात का, कसली पडतात, असं डॉक्टर विचारत होते. पोर फरशीकडं बघत होती. हेच मी तिला आठ महिने रोज सकाळी विचारत होतो आणि ती पटापट सांगत होती.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "सुरुवात कधी झाली हे कळल्याशिवाय मला नीट उपचार ठरवता येत नाही." मग मी वही काढून दिली. त्यांनी बराच वेळ वाचली.

"हे आकडे कसले?"

"मी द्यायचो. ती लावायची."

वडील म्हणाले, "आबा, तुमी?"

मी हो म्हणालो. परतीच्या गाडीत ते दुसऱ्या बाकावर बसले.

तिच्या आईला मी घरी जाऊन सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि राहिलेली भांडी घासायला गेली. शाल परत करायला ग्रामपंचायतीत गेलो, तर क्लार्क म्हणाला, "दिलेली शाल परत घ्यायची तरतूद न्हाई, आबा." ती कपाटात आहे.

त्या घरातलं आता माझ्याशी कुणी बोलत नाही. पोर बोलते. ती पुन्हा कामावर जाते, जवळ साधा बटणांचा फोन असतो. परवा तिनं ओट्यापाशी स्कूटी थांबवली.

"डॉक्टर म्हणतेत, स्वप्न पडलं की मला सांग."

"सांगतीस का?"

"सांगते. पर ते आकडा देत न्हाईत."

"मग काय देतात?"

"पुढली तारीख."

काल काय दिसलं, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. मी झोप लागली का, एवढंच विचारलं. "लागली थोडी," ती म्हणाली आणि स्कूटी चालू केली.