मच्छरदाणीच्या पिशवीतलं प्लॅस्टिक

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. लॅबच्या सिंकखालच्या रिकाम्या बाटल्यांसारखे ते साठत राहतात आणि एक दिवस दार उघडलं की सगळे एकदम पायावर येतात! परवा एका लग्नात आमच्या सांगलीच्या कॉलेजातली जुनी मंडळी भेटली, तेव्हा तेच झालं. पंगती उठल्या तरी आम्ही बोलतच होतो.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. मी बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये परिचर होते. शिक्षण दहावीपर्यंत. खातं लहान. विभागप्रमुख सर, जतकडच्या रेणुका मॅडम आणि मी. माझं काम काचेची भांडी धुण्याचं, पण भांड्यात काय आहे हे ही दोघं मला शेजारी बसवून सांगत. मी न विचारता सांगत. असं कोण करतं हो?

*

नवरात्रातला किस्सा आधी सांगते.

लघवीतल्या किटोन बॉडीजचं प्रॅक्टिकल होतं. टेस्ट ट्यूबमध्ये औषधं घालायची, कडेनं हळूच अमोनिया सोडायचा. किटोन असले तर जांभळं कडं दिसतं. एक नमुना मधुमेहाच्या पेशंटचा, दुसरा 'नॉर्मल'. नॉर्मल नमुना नेहमी माझा असे. घरचीच नॉर्मल!

त्या दिवशी दोन्हींत जांभळं कडं. अख्ख्या वर्गात तेच. सर वैतागले. "बाटल्या बदलल्या कुणी?"

रेणुका मॅडम माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "शोभाताई, उपवास आहे का?"

"आहे की. घटाचे नऊ दिवस. दोन वेळा दूध आणि लवंगा."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "पोटात अन्न नसलं की शरीर साठवलेली चरबी जाळतं. मग किटोन बाहेर पडतात. आजार नाही हा, तुमचा उपवास दिसतोय."

सर म्हणाले, "उपवास तर माझाही आहे. माझा नमुना घ्या."

घेतला. सरांच्या ट्यूबमध्ये रंगाचा मागमूस नाही!

मॅडम म्हणाल्या, "सर, खिचडी दोनदा झाली का?"

"तीनदा," सर म्हणाले. "काल शेजारच्यांनीपण आग्रह केला."

तेव्हापासून दर नवरात्रात नॉर्मल नमुना सरांचा.

*

मॅडमचा पीएचडीचा विषय या किटोनच्याच घरातला. एकदा चहा पिताना त्यांनी मला समजावलं. ज्या किटोन बॉडीज आपल्या रक्तात येतात, त्यांतलाच एक पदार्थ काही जिवाणू मण्यांसारखा ओवतात आणि त्याची माळ पोटात साठवतात. दुष्काळासाठी कणगी भरावी तशी. ती माळ बाहेर काढली की प्लॅस्टिक होतं. आणि ते मातीत पुरलं की मातीतलेच दुसरे जिवाणू खाऊन फस्त करतात. मागे काही उरत नाही.

"जिवाणू एवढं साठवतात कशासाठी?" मी विचारलं.

"आपण तसं करायला लावायचं. गोड भरपूर द्यायचं, बाकी सगळं तोडून."

"म्हणजे बाळंतिणीला नुसता शिरा!"

मॅडमनी मायक्रोस्कोप दाखवला. एकेका जिवाणूच्या पोटात काळे दाणे. तिळाचे लाडूच जणू!

पण काम रखडलेलं होतं. युनिव्हर्सिटीनं वाढवून दिलेली मुदत संपत आली होती. तेवढ्यात पदवी झाली नाही तर नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांची मेहनत वाया. मॅडम बोलत नसत, पण त्यांचे डबे न उघडता परत जायला लागले होते.

*

जिवाणूंचं गोड म्हणजे साखर कारखान्यातली मळी. काळी, चिकट, उग्र वासाची. मॅडम कुंडलच्या कारखान्यातून तिचा कॅन घेऊन एसटीनं येत होत्या. मी सोबतीला. वळणावर झाकण सैल झालं आणि वास सगळ्या गाडीत.

कंडक्टर वाकून बघतोय. मळीपासून त्या भागात काय गाळतात, हे त्याला चांगलं ठाऊक!

"ताई, भट्टी कुठं लावलीया?"

"भट्टी नाही हो. मी प्राध्यापिका आहे. आम्ही यातनं प्लॅस्टिक बनवतो."

कंडक्टरनं कॅनकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं.

"आवं, दारू म्हणा," तो म्हणाला. "इस्वास तरी बसंल!"

*

चांगले जिवाणू मिळेनात. उसाच्या रानातली माती झाली, नदीकाठची झाली. शेवटी मॅडमनी वडिलांना निरोप धाडला. अप्पा जतकडचे, मेंढरं राखणारे. एक दिवस खांद्यावर घोंगडं आणि डोक्यावर पोतं घेऊन लॅबच्या दारात हजर. पोत्यात गावाकडच्या उजाड माळाची माती.

"मगळे," अप्पा म्हणाले. त्यांच्याकडे कन्नडमध्ये लेकीला अशीच हाक मारतात. "काळी माती सोडून ही कशाला? हिच्यात कुसळसुदिक उगवत न्हाई."

त्याच मातीतले जिवाणू सगळ्यांत लठ्ठ निघाले! अप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "व्हय? उपाशी गावचं हाय, दिसंल ते साठवणारच."

मग पहिलं प्लॅस्टिक झालं. काचेच्या बशीत, दुधावरच्या सायीएवढं पातळ. सरांनी ते चिमट्यानं उचलून उजेडात धरलं. "याची पिशवी कधी होणार?"

"आत्ताही होईल सर," मॅडम म्हणाल्या. "एक वेलदोडा मावेल."

*

आता ते मातीत पुरून खरंच नाहीसं होतं का, हे बघायचं होतं. तुकडे हरवू नयेत म्हणून मी घरच्या जुन्या नायलॉनच्या मच्छरदाणीच्या छोट्या पिशव्या शिवल्या. काहींत मॅडमचं प्लॅस्टिक, काहींत बाजारातल्या पिशवीचे तुकडे. चारी बाजूंनी लाल नायलॉन दोऱ्याचे टाके, कारण घरात तोच दोरा होता. लॅबच्या मागे ओळीनं पुरल्या. अधूनमधून एकेक उकरायचो. मॅडमच्या तुकड्यांना कसर लागल्यासारखी भोकं पडत होती, पण तुकडा असायचाच. पूर्ण गेला असं होत नव्हतं.

तशातच कॉलेजला पाहणी समिती येणार म्हणून साफसफाई निघाली. आवार खणून नीट करायला माणसं लावली. आम्ही धावत मागे गेलो, तर सगळीकडे कुदळ फिरलेली आणि आमचाच वाफा जसाच्या तसा! वाफ्याच्या कडेला लिंबू, हळद, कुंकू.

माळीकाम करणारे मारुतीमामा लांब उभे. "मॅडम, पुढं जाऊ नगा. खाली लाल दोऱ्यानं शिवलेलं कायतरी पुरलंय. करणी हाय. मी कुनालाबी हात लावू दिला न्हाई."

सर म्हणाले, "अहो, विज्ञानाच्या खात्यात हे काय! काढा ते लिंबू."

मॅडमनी त्यांचा हात धरला. "राहू द्या सर. मला याच्याहून चांगलं कुंपण मिळणार नाही!"

मारुतीमामांचे आभार मानले, तेव्हा त्यांना काहीच कळलं नाही. तरी ते दर अमावास्येला लिंबू बदलत राहिले.

*

प्रबंध युनिव्हर्सिटीकडे गेला. परीक्षकांनी कळवलं, "मला डोळ्यांदेखत बघायचं आहे." म्हणून शेवटच्या दोन पिशव्या तोंडी परीक्षेच्या सकाळी उकरल्या, न उसवता. आत काय आहे कुणालाच माहीत नव्हतं. मी हॉलमध्ये मागे उभी राहिले, तर मॅडम म्हणाल्या, "शोभाताई, पुढे खुर्चीवर बसा. टाके तुमचे आहेत."

हॉल भरलेला. शेवटच्या रांगेत अप्पा, घोंगडं मांडीवर घेऊन.

परीक्षकांनी टाके निरखले. शाबूत होते. कात्री घेऊन पहिली पिशवी कापली. बाजारातल्या पिशवीचा तुकडा निघाला. पुसला, तर नव्यासारखा चकचकीत.

दुसरी पिशवी मॅडमची. कापली. टेबलावर माती पडली. त्यांनी पिशवी उलटी केली, झटकली, चष्मा वर करून आत बघितलं. बोटांनी माती चाळली.

"यात काहीच नाही," ते म्हणाले.

मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सर खुर्चीतून अर्धे उठलेले, टाळी वाजवायला हात वर केलेले.

तेवढ्यात मागून अप्पा उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "साहेब, लय राबलीया पोरगी. येक डाव पदरात घ्या. पुढच्या टायमाला मोकळी पिशवी न्हाई आनायची ती, मी सोता बघतो!"