पाटाच्या काठचं कर्ल

व्हेक्टर कॅल्क्युलस शिकवायला मिळावं म्हणून मी जळगावच्या कॉलेजात सहा वर्षं वाट पाहिली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गणित विभागात मी एकटीच बाई, आणि दर वर्षी माझ्या वाट्याला पहिल्या वर्षाचं बीजगणित. विभागप्रमुख सज्जन गृहस्थ होते, पण दुसऱ्या वर्षाचा तो पेपर त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता. त्या एप्रिलमध्ये मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हणाले, सुट्टीत तयारी करा, कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात मला अर्धा तास शिकवून दाखवा, मग बघू. त्यांच्या ‘मग बघू’चा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’ असाच निघायचा.

मी तीन रंगांची पेनं आणली आणि दोनशे पानी वही आखून घेतली. व्याख्या निळ्या, सिद्धता हिरव्या आणि चुकू नये ते लाल. धुळ्याला शिकत असताना या सगळ्या व्याख्या मला तोंडपाठ होत्या, मार्कही भरपूर मिळाले होते. त्या व्याख्या नेमकं काय सांगतात हे मात्र मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

मे महिन्यात तुमच्या आईला, म्हणजे माझ्या लेकीला, घेऊन भडगावजवळ सासरच्या गावी गेले, तर वही बरोबर होतीच. पाटाला पाणी सुटलं होतं आणि माझे सासरे, म्हणजे नाना, केळीला पाणी देत होते. मी बांधावर बसून लाल शाईनं लिहिलं : प्रवाह सरळ असेल तर कर्ल शून्य. त्याच्या आधारावर पुढची तीन पानंही भरली.

नानांना गणिताची मोठी हौस, शाळा मात्र चौथीपर्यंतची. काय लिहितेस म्हणून त्यांनी विचारलं. त्यांना समजावता आलं तर पोरांनाही समजावता येईल, असा विचार करून मी सांगितलं की पाणी भोवऱ्यासारखं फिरलं की कर्ल असतं आणि सरळ वाहिलं की नसतं. ते कसं मोजतात, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, पाण्यात छोटं चाक सोडायचं, ते स्वतःभोवती फिरतं का बघायचं.

नानांनी फावडं ठेवलं आणि एरंडाची दोन पानं तोडली. एक पाटाच्या मधोमध सोडलं, ते गुमान सरळ गेलं. दुसरं काठालगत सोडलं. पाट सुतासारखा सरळ होता, तरी ते पान स्वतःभोवती गरगरत पुढं गेलं.

“काठलं पानी आळशी शे, मझारलं पयस,” नाना म्हणाले. “म्हनीसन पान फिरस. बठ्ठा पोरेसले माहीत शे. तुन्हा पुस्तकले नही का?”

पुस्तकाला माहीत होतं. कडेला वेग कमी, मध्ये जास्त, असं धरून मी तिथंच गणित मांडलं आणि कर्ल शून्य येईना. म्हणजे लाल शाईतलं वाक्य चूक, आणि त्याच्या आधारावर लिहिलेली पुढची तीन पानंही चूक. मी ती फाडली. इतक्या सुवाच्य अक्षरातली पानं फाडताना किती जिवावर आलं, ते तुमच्या आईला विचारा. ती आठ वर्षांची होती आणि माझ्याकडे टक लावून बघत होती.

जूनमध्ये रिकाम्या वर्गात मी एकट्या सरांपुढे उभी राहिले. पंधरा मिनिटं बरी गेली. मग मी फळ्यावर सरळ पाट काढला आणि म्हटलं, इथं काठाशी कर्ल आहे. सर हसले आणि म्हणाले, मॅडम, इथंच घोटाळा होतो बघा, सरळ प्रवाहाला कर्ल नसतं. ते इतक्या खात्रीनं बोलले की क्षणभर मला माझीच शंका आली. पण पान तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी खडू त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, सर, तुम्हीच काढून बघा.

त्यांनी काढलं. शून्य येईना. पुसलं, पुन्हा काढलं. मग खडू ठेवून बाकावर बसले.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“सासऱ्यांनी.”

“कुठल्या कॉलेजात असतात?”

“भडगावकडे केळी लावतात.”

सर उठून स्टाफरूममध्ये गेले, मीही मागोमाग. भिंतीवर नव्या वर्षाचं वेळापत्रक लावलेलं होतं, पेन्सिलीनं लिहिलेलं. व्हेक्टर कॅल्क्युलसच्या चारही चौकटींतली स्वतःची आद्याक्षरं त्यांनी खोडरबरानं नीट पुसली आणि चहाला निघून गेले. माझी काही लिहिली नाहीत. ती मीच लिहिली, पेनानं.