आत्याबाईंची तलैया

काशीत पुण्य मिळवायला आलेली माणसं पुष्कळ पाहिली, पण गोगलगायींवर माझ्या आतेसासूबाईंइतका जीव टाकणारं आणि त्यांचे इतके जीव घेणारं माणूस त्या गावात दुसरं झालं नसेल. मी एकोणीसशे नव्वदच्या सुमारास साताऱ्याहून लग्न होऊन अहिल्याबाई घाटाजवळच्या त्या घरात आले. पहिल्याच सकाळी पूजेची तयारी करायला गेले, तर ताम्हनातलं पाणी आपोआप हलत होतं. वाकून पाहिलं आणि किंचाळले. सासूबाई धावत आल्या, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "वन्सं, निदान देवाची भांडी तरी सोडा!" आत्याबाई शांतपणे चष्मा पुसत आल्या. "वहिनी, शाळिग्राम चालतो ना तुम्हाला? तोसुद्धा यांचाच भाऊबंद. फक्त फार जुना आणि दगड झालेला." आमचं घर पौरोहित्याचं. तीन पिढ्यांच्या शास्त्र्यांच्या त्या घरात सासूबाईंनी निमूट दुसरं ताम्हन काढलं.

आत्याबाई मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं, "वेळ कुठे झाला?" म्हणायच्या. गाळणीला बांबू बांधून त्या नदीकाठी, डबक्यात, म्हशींच्या तळ्यात गुडघाभर चिखलात उभ्या राहायच्या. भोसले घाटाजवळचा नाववाला लांबून ओरडायचा, "का हो बहिनजी, आज केतना घोंघा मिलल?" घोंघा म्हणजे गोगलगाय. पानवाल्याकडून त्या पेपरमिंटचे खडे आणायच्या. त्याला वाटे, या घरात पानाचे फार शौकीन आहेत. खरं म्हणजे ते खडे पाण्यात टाकले की गोगलगाय सैलावते, अंग बाहेर टाकून निवांत पसरते, आणि मग कापताना आक्रसत नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हातावरही वाणाआधी शंख पडायचा. "शेंडा वर धरा. तोंड आपल्याकडे. आता सांगा, तोंड उजवीकडे उघडतं की डावीकडे?" बिचाऱ्या घाबरून काहीही सांगायच्या. डावीकडे उघडणारा शंख निघाला की आत्याबाई त्या बाईला दोन तिळगूळ जास्त द्यायच्या.

पण शंखावर त्यांचा खरा विश्वास नव्हता. एकाच जातीचे शंख पाण्यापाण्यात वेगळे होतात, आणि दोन जातींचे अगदी एकसारखे दिसतात, म्हणून आतले अवयव आणि जिभेवरचे दात पाहिल्याशिवाय कूळ सांगू नये, असं त्यांचं मत. एकदा माझ्या नणंदेला पाहायला मंडळी आली होती. मुलगा देखणा, गोरा. सगळे खूश. आत्याबाई मात्र बशी खाली ठेवत म्हणाल्या, "बाहेरून ठीक वाटतो. पण आतून उघडून पाहिल्याशिवाय काय सांगणार?" स्थळ गेलं ते गेलंच.

अशा या बाईंना एका पावसाळ्यानंतर शहराबाहेरच्या एका तलैयेत, म्हणजे डबक्याहून थोड्या मोठ्या तळ्यात, काही गोगलगायी मिळाल्या. दिसायला अगदी साध्या, कुठल्याही गटारात सापडणाऱ्या. सवयीने त्यांनी एक उघडली. मग दुसरी. मग हाती होत्या त्या सगळ्याच. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी पोळ्या लाटत होते आणि त्या सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढत नव्हत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "अगं, ही ती नेहमीची नाहीये. दात वेगळे, आतली रचना वेगळी. ही कुणाला माहीतच नाहीये." मी पोळी जळू दिली.

थंडीत त्यांचे कलकत्त्याचे जुने गुरुजी परीक्षेच्या कामासाठी आले, घरी पोहे खाऊन गेले. आत्याबाईंनी काढलेली आतल्या अवयवांची चित्रं त्यांनी निरखून पाहिली. म्हणाले, "तुम सही लगती हो. पण चित्रावर जात ठरत नाही. अख्खी, अंगासकट आणून दे. मग आपण तिला नाव देऊ." त्या दुसऱ्याच दिवशी तलैयेवर गेल्या. पिल्लं होती, तांदळाच्या दाण्याएवढी. "वाढू देत. पाऊस पडून गेला की येईन," असं तिथल्या पाण्यालाच सांगून आल्या.

चैत्रात आम्ही दोघी सहज तिकडून जात होतो. तलैया नव्हती. विटांचे तुकडे, माती, राख, आणि त्यावर मागे-पुढे करणारा ट्रक. आत्याबाई रिक्षातून उतरल्या. मुकादमाला म्हणाल्या, "भैया, यहाँ पानी था."

"था, बहिनजी. अब कालोनी बनी."

"थोडंसं, एक कोपरा तरी..." त्या मराठीतच बोलत राहिल्या. त्याला कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. त्यांनी ओंजळभर ओली माती उचलली, बोटांनी चाळली, पुन्हा उचलली. मुकादमाने ट्रक थांबवायला सांगितला. तेवढं मात्र त्याने केलं. ट्रक थांबून उपयोग नव्हता.

पुढची काही वर्षं आम्ही आसपासच्या गावांतली तळी पालथी घातली. प्रत्येक वेळी ओट्यावर तीच नेहमीची गोगलगाय उघडली जायची. माझा नवरा म्हणायचा, "आत्या, छोड़ो ना आता. घोंघाच तर आहे." त्या रागवायच्या नाहीत, हेच वाईट होतं. पूर्वी रागवायच्या. पुढे हात थरथरू लागला, सुई धरवेना. एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकात बघायला बसवलं. मी बघितलं.

"तीच का गं? नेहमीची?"

"तीच, आत्याबाई."

"बरं," म्हणाल्या, आणि जाऊन भाजी निवडायला बसल्या. त्यानंतर गाळणी कोपऱ्यातून हलली नाही. गुरुजी आधीच गेले होते; नंतर आत्याबाईही गेल्या. त्या गोगलगायीला अजून नाव नाही. ज्याला नाव नाही ते नाहीसं झालं हे तरी कुणाला सांगायचं?

त्या कॉलनीत आता माझी एक मैत्रीण राहते. जमीन मुळात खोलगट, त्यामुळे पावसाळ्यात तिच्या दारात पाणी साचतं आणि ती महापालिकेच्या नावाने बोटं मोडते. मी तिचं सगळं ऐकून घेते. मग निघताना चपला हातात घेते, साडी जरा वर खोचते आणि भिंतीच्या कडेकडेने, वाकून बघत, अगदी सावकाश घरी येते.