येर्नो देल गोबिएर्नो

टीम लीडने पांढऱ्या फळ्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'रिझर्व्हेशन'. खाली रेघ मारली आणि मार्कर माझ्यापुढे धरला.

"या मॅडम. हा तुमचा विषय."

अख्खी टीम हसली.

औंधातली कंपनी. माद्रिदच्या गिऱ्हाइकासाठी हॉटेल बुकिंगचं सॉफ्टवेअर आम्ही स्पॅनिशमध्ये नेत होतो. इंग्रजी शब्द एक, अर्थ अनेक. कुठल्या अर्थाला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं, ते ठरवायचं होतं.

मी उठले. लिहिलं. हॉटेलातली खोली राखून ठेवायची, ती 'रेसेर्वा'. मनातली शंका, तीही 'रेसेर्वा'. अमेरिकेतल्या मूळच्या लोकांना हाकलून ज्या जमिनीवर कोंडलं, तीसुद्धा 'रेसेर्वा'. नोकरीतल्या राखीव जागा मात्र 'कुओता'.

"एक राहिला," टीम लीड म्हणाला. "सरकारचा जावई."

मागून एकजण ओरडला, "येर्नो देल गोबिएर्नो!"

यमक जुळलं. टाळ्या पडल्या.

आदल्याच आठवड्यात मी चौदा एप्रिलची, जयंतीची रजा मागितली होती. तोवर माझ्या आडनावावरून त्यांना अंदाज येत नव्हता. आता आला.

त्या कंपनीत राखीव जागा नव्हत्याच. खासगी कंपनी. सगळ्यांनी दिली तीच परीक्षा मी दिली, तोच इंटरव्ह्यू दिला. वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात. अंगाला बारुदीचा वास घेऊन घरी यायचे. नवीन कंपन्या येतायत, परकी भाषा शीक, असं तेच म्हणाले. सदाशिव पेठेतल्या स्पॅनिशच्या क्लासला त्यांनीच घातलं.

त्या दिवसापासून मी 'येर्नो' झाले. कॉफीच्या मशिनपाशी, "येर्नो, साखर किती?" जिन्यात, "येर्नो, आज लवकर?" बाईमाणसाला जावई म्हणत होते. तेवढंही त्यांना खटकत नव्हतं.

मला किळस यायची. तो शब्द ते जिभेवर घोळवायचे. चघळायचे. त्यांच्या तोंडातली थुंकी माझ्या अंगावर उडतेय असं वाटायचं. घरी आले की मी आधी तोंड धुवायचे, खसखसून.

मग माद्रिदची बाई काम बघायला आली. कॅन्टीनमध्ये आम्ही सगळे तिच्याबरोबर जेवत होतो. एकजण सवयीने बोलून गेला, "येर्नो, जरा मीठ दे."

तिने मान वर केली. मला स्पॅनिशमध्ये विचारलं, "तुला जावई का म्हणतात?"

टीम लीड मराठीत घाईघाईने म्हणाला, "गंमत आहे म्हणून सांग. उगाच तमाशा नको."

गंमत. 'ब्रोमा'. एवढा एक शब्द बोलले असते की भागलं असतं.

नाही बोलले. सगळं सांगितलं. इथे जात असते. माझी कोणती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांना राखीव जागा मिळाल्या. त्याचा राग म्हणून आम्हाला सरकारचे जावई म्हणतात. आयतं खाणारे.

"कोण म्हणतं?" तिने विचारलं.

मी बोट दाखवलं. टीम लीडपासून सुरुवात केली.

तिने काटा खाली ठेवला. उठून गेली. एवढंच. गिऱ्हाईक तुटलं नाही, काम चालू राहिलं. टीम लीड त्याच खुर्चीवर राहिला.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या बाईंनी मला बोलावलं. आवाज मऊ.

"अगं, घरातल्या गोष्टी बाहेरच्यांना सांगतात का?"

"मी घरातली कधी झाले?"

"हे बघ. तिला एवढंच सांग, की माझं स्पॅनिश कच्चं आहे, चुकून भलताच अर्थ गेला."

शिवीची त्यांना लाज नव्हती. ती दुसऱ्या भाषेत कळली, याची होती.

"अर्थ बरोबर गेला," मी म्हणाले.

मला त्या कामावरून काढलं. रिकामं बसवलं. मी राजीनामा दिला.

घरी वडिलांना सांगितलं. ते मग म्हणाले, "कारखान्यात मलाही म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो."

तुम्ही ऐकून घेतलंत, बाबा. तुमच्यावर घर होतं. मी ऐकून घेणार नाही. पुन्हा कुणी असं बोललं, तर त्याला तिथेच थांबवीन. सगळ्यांसमोर त्याच्याच तोंडून अर्थ वदवून घेईन. तो गंमत म्हणाला, तर मी शिवी म्हणेन. समोरच्याला कळेल त्या भाषेत. बोलणाऱ्याचं नाव घेऊन.