खाडाखोडीचा कागद

मिस्टर लिंडक्विस्टनी दोन उत्तरपत्रिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. वर्ग रिकामा झाला होता. एका कागदावर माझ्या आईचं नाव होतं, एर्मेलिंदा. दुसऱ्यावर माझ्या निनाचं, म्हणजे माझ्या धर्ममातेचं, एदुविहेस एकीवा.

"तीन गणितं," ते म्हणाले. "तिन्ही चुकलेली, आणि दोन्ही कागदांवर अगदी एकसारखी चुकलेली. पायरी एकही नाही. नुसती उत्तरं."

"आम्ही शेजारी बसतो, माएस्त्रो," आई म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी."

निनाने आईला टेबलाखालून पाय मारला. पण बोलून झालं होतं.

"शुक्रवारी पुन्हा परीक्षा," ते म्हणाले. "वेगवेगळ्या खोल्यांत. प्रत्येक पायरी लिहायची. पायरी नसेल तर शून्य. तोवर दोघींनी या विषयावर बोलायचं नाही. कुणी कुणाचं पाहिलं हे मला त्यानंतर तरी कळेल. जिने पाहिलं तिचं नाव डीनकडे जाईल, आणि तिचा हा अभ्यासक्रम तिथेच संपेल."

ते वाईट मनाचे नव्हते. तीन गावांच्या तीन कॉलेजांत ते तासावर शिकवत. गाडीच्या मागच्या सीटवर त्यांचं अर्धं घर असे, आणि आमच्या खोऱ्यात त्यांचं ते पहिलंच वर्ष होतं. सारखी चूक म्हणजे नक्कल, हे त्यांना जिथे-तिथे पाहायला मिळालं असेल. माझ्या निनाला मात्र आजवर कुणी चोर म्हटलं नव्हतं.

चर्चमध्ये माझ्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा मला हातांवर धरून उभी होती ती. म्हणून ती माझी निना आणि आईची कोमाद्रे. त्याआधीपासून त्या एकमेकींच्या होत्याच. सीमेपलीकडच्या मिचोआकान प्रांतातल्या एकाच गावच्या, एकाच शाळेच्या. इकडे आल्यावर एकाच कॅनरीत, म्हणजे टोमॅटो डबाबंद करणाऱ्या कारखान्यात, एकाच सरकत्या पट्ट्यावर समोरासमोर उभ्या. जुलैत हंगाम सुरू झाला की पट्टा थांबत नसे. लाल लोंढा वाहत राही आणि त्यातला हिरवा, फुटका, बुरशीचा टोमॅटो त्या उचलून फेकत. निना ते न बघता करायची. बोलत असायची आईशी, आणि हात आपलं काम करत असायचा. हंगाम संपल्यावरही काही आठवडे तिचा हात झोपेत हलायचा, असं तिचा नवरा सांगायचा. तो गेल्यावर हे सांगणारं कुणी उरलं नाही.

मग कॅनरीत कॅमेऱ्याचं यंत्र आलं. ते हिरवा टोमॅटो ओळखतं आणि वाऱ्याच्या झोताने उडवून देतं. पुढच्या हंगामापासून पट्ट्यावरच्या बायका नकोत, असं ठरलं. युनियनने भांडून एवढंच मिळवलं, की ज्यांची नोकरी जुनी त्यांना यंत्रांच्या देखभालीत शिकाऊ म्हणून घ्यावं. अट एक. कम्युनिटी कॉलेजातला कामगारांसाठीचा गणिताचा अभ्यासक्रम मे महिन्यात उत्तीर्ण झाल्याचं दाखवायचं. पाइप कापायचे, पट्टे जोडायचे, तर फूट-इंच, अपूर्णांक आलेच पाहिजेत.

पट्ट्यावरच्या पुष्कळ जणी म्हणाल्या, आता या वयात कुठे. या दोघी मात्र जानेवारीपासून संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागल्या. वर्गात बहुतेक इथेच जन्मलेली पोरं, वेल्डिंग नाहीतर शीतयंत्रांचं काम शिकणारी. त्यांच्यात या दोन मावश्या पुढच्या बाकावर, डब्यात मक्याच्या पिठाचे तमालेस घेऊन.

मिस्टर लिंडक्विस्ट निनाच्या प्रत्येक कागदावर लाल शाईने लिहायचे, 'पायऱ्या दाखवा.' तिला ते पटतच नसे. गावच्या शाळेतले गुरुजी म्हणजे प्रोफे मकारिओ. त्यांची शिस्त अशी, की आकडेमोड पेन्सिलीने फिकट करायची, ती पुसायची, आणि उत्तर तेवढं शाईने नीट लिहायचं. कागदावर खाडाखोड दिसली तर ते कागद फाडत आणि पोराला उन्हात उभं करत. निना म्हणायची, "पाहुणा आला तर त्याला कुणी न झाडलेल्या स्वयंपाकघरात बसवतं का?" पायऱ्यांचे गुण जायचे ते जायचे, पण कागद स्वच्छ जायचा. आईचाही तसाच.

बोलायचं नाही असं सांगितलं होतं. दोघी दोन दिवस गप्प राहिल्या, हेच नवल. बुधवारी निना आमच्याकडे आली. आई शेगडीवरच्या घेवड्याकडे तोंड करून उभी राहिली, ती वळलीच नाही.

"खरं सांग, कोमाद्रे," आई म्हणाली. "पाहिलंस ना?"

"काय?"

"माझ्या कागदात."

"तुझ्या कागदात? तुझं अक्षर तुला तरी लागतं का गं?"

"मग तिन्ही सारखी कशी?"

"तेच विचारायला आलेय मी."

आई वळली. तिच्या हातात पळी होती. "म्हणजे मी पाहिलं असं म्हणतेस."

"मी काही म्हणत नाही. तो म्हणतोय, कुणीतरी एकीने पाहिलं. मी पाहिलं नाही. आता उरलं कोण, सांग."

"ग्वादालुपेच्या माउलीची शपथ घे."

"तिला कशाला मधे ओढतेस? तिला काय फूट-इंच कळतात?"

एरवी याच्यावर दोघी हसल्या असत्या. मी दाराशी उभी होते. घेवडा खाली लागल्याचा वास आला, तरी आईने पातेलं हलवलं नाही. निनाने आपली पिशवी उचलली. जाताना तिने माझ्या डोक्यावर नेहमीसारखा क्रूस काढला. आईकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी दोघी वेगवेगळ्या गाड्यांनी गेल्या. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं.

परीक्षेच्या खोल्या लहान होत्या, एका पातळ भिंतीने वेगळ्या केलेल्या. देखरेखीच्या बाईने निनाला एका खोलीत बसवलं, आईला पलीकडच्या. निनाला आईची खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकू आला. तो आवाज ऐकून आपल्याला काय वाटलं, ते तिने मला सांगितलं होतं. रागच होता तो, म्हणाली. आणि रागाच्या खाली भीती.

पुढचं मला तिच्याच तोंडून माहीत आहे.

पहिलं गणित असं होतं. यंत्राचा पट्टा दहा फूट आठ इंच लांब आहे, त्याचे चार सारखे तुकडे करायचे आहेत, तर एक तुकडा किती? निनाच्या डोक्यात उत्तर लगेच आलं, नेहमी येतं तसं. दोन फूट सात इंच. पण पायरी लिहायची होती. पायरी नसेल तर शून्य. तिने पेन उचललं आणि शाईने, मोठ्या नीटस अक्षरात, पहिली ओळ लिहिली. १० फूट ८ इंच = १०.८ फूट. त्याखाली दुसरी, १०.८ भागिले ४ = २.७. म्हणून दोन फूट सात इंच.

मग ती पहिल्या ओळीतल्या बरोबरच्या चिन्हाकडे पाहत राहिली.

डोक्यात ही ओळ कधी दिसलीच नव्हती. गावात सगळं मीटरमध्ये होतं. दहा मीटर ऐंशी सेंटीमीटर म्हणजे १०.८, यात चुकण्यासारखं काही नाही. प्रोफे मकारिओंनी ते इतकं घोटून घेतलं होतं, की दहा नि आठ ऐकलं की मधे टिंब आपोआप पडायचं. फुटात बारा इंच असतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ते डोक्याच्या एका खोलीत होतं आणि टिंब दुसऱ्या.

तिने उलटं करून पाहिलं. दोन फूट सात इंच, चार वेळा. आठ फूट, आणि अठ्ठावीस इंच. अठ्ठावीस इंच म्हणजे दोन फूट चार. सगळे मिळून दहा फूट चार इंच.

चार इंच कुठे गेले?

मग तिने सगळ्याचे इंच केले. एकशे अठ्ठावीस. भागिले चार, बत्तीस. दोन फूट आठ इंच. कागदाच्या कडेला तिने ते इतकं बारीक लिहिलं, की जणू कुणी बघू नये.

आणि तिथेच तिला कळलं, की भिंतीपलीकडे लिंदा, म्हणजे माझी आई, याच क्षणी दोन फूट सात लिहीत असेल. लिंदाने पाहिलं नव्हतं, निना मनाशी म्हणाली. मीही पाहिलं नव्हतं. आम्ही एकाच शाळेत बसलो होतो, एवढंच.

सुटका झाल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच. कारण मग पुढचा हिशेब समोर आला. मी बरोबर लिहिलं आणि लिंदाने चूक, तर माएस्त्रो काय म्हणतील? चूक लिंदाची स्वतःची, कारण ती एकटी बसूनही तीच करते. म्हणजे एदुविहेसने तिची चूक उचलली होती. चोर मी. आणि मी मुद्दाम चूक लिहिलं तर वेगळ्या बसूनही दोघींची चूक तीच निघेल आणि दोघी सुटू, पण ही परीक्षा जाईल, आणि ही गेली तर मे महिन्यात उत्तीर्ण होणं फार कठीण. शिवाय लिंदालाही आताच कळलं असेल तर? तिने बरोबर लिहिलं आणि मी चूक, तर चोर ती.

भिंतीपलीकडून काहीच आवाज येत नव्हता. विचारायची सोय नव्हती.

तिने हात वर केला. बाई आली.

"मला कोरा कागद मिळेल? हा घाण झाला."

बाईने कोरा कागद आणून ठेवला. उरलेली गणितं निनाने त्याला हात न लावता जुन्याच कागदावर सोडवली, सगळ्यांचे इंच करून. ती झाल्यावर दोन कागद समोर राहिले. एक कोरा. त्यावर सगळं बरोबर, सुंदर अक्षरात उतरवून काढता आलं असतं. प्रोफे मकारिओंनी तो भिंतीवर लावला असता. दुसऱ्यावर वरच पहिली ओळ चुकलेली, कडेला बारीक आकडे, शाईचे डाग.

"मुद्दाम चूक लिहिणं मला जमलंच नसतं," ती मला म्हणाली. "बुरशीचा टोमॅटो दिसला की हात जातोच. दिसला नाही असं करता येत नाही. पण त्या कोऱ्या कागदाकडे बघून मला वाटलं, यावर लिहिलं तर तो कागद म्हणेल, हिला पहिल्यापासून येत होतं. ते तरी कुठे खरं होतं?"

बाई म्हणाली, पाच मिनिटं.

निनाने पहिल्या तीन ओळींवर एकेक रेघ मारली, वाचता येतील अशी. शेजारी बरोबर पायऱ्या लिहिल्या. आणि तिने तो खाडाखोडीचा कागद तसाच दिला. देताना कान गरम झाले होते, म्हणाली, जणू उन्हात उभं केलंय.

सोमवारी मिस्टर लिंडक्विस्टनी दोघींना बोलावलं. पुन्हा दोन कागद शेजारी शेजारी. आईने पायऱ्या लिहिल्या होत्या, पहिल्यांदाच, तिच्या त्या वाकड्या अक्षरात. वरची ओळ होती, १० फूट ८ इंच = १०.८ फूट. तिने ती खोडली नव्हती. तिचं प्रत्येक गणित त्याच वाटेने गेलं होतं.

ते आधी निनाशी बोलले. "तुमचं बरोबर आहे. यांचं चूक आहे. मागच्या वेळी तुमचंही असंच चूक होतं. तुम्हाला समजतंय ना, हे कसं दिसतं?"

"समजतं."

"मी पाहिलं नाही असं म्हणायचंय तुम्हाला?"

"माझं काही म्हणणं नाही, माएस्त्रो. खोडलेलं वाचा."

त्यांनी वाचलं. मग आईचा कागद ओढून तीच ओळ वाचली. पुन्हा निनाचा. मग त्यांनी आईला विचारलं, "हे टिंब कुठून आलं?"

"शाळेतून," आई म्हणाली. "दुसरं कुठून येणार?"

"कुठल्या शाळेतून?"

दोघींनी एकदमच गावाचं नाव घेतलं. मग एकमेकींकडे पाहिलं, त्या बुधवारनंतर पहिल्यांदा.

मिस्टर लिंडक्विस्ट खुर्चीत मागे टेकले. "डीनकडे काही जाणार नाही," ते हळू म्हणाले. "त्या संशयाबद्दल मी दोघींची माफी मागतो." मग म्हणाले, "पण गुण आहेत ते आहेत. मिसेस एकीवा, या परीक्षेत तुम्ही उत्तीर्ण. तुम्ही..." ते आईकडे वळले. "अंतिम परीक्षा राहिली आहे. ती फार चांगली जायला हवी. फारच."

आई उठली. "बरं," म्हणाली.

बाहेर आल्यावर निना आपल्या गाडीकडे जाऊ लागली. आईने स्वतःच्या गाडीचं दुसरं दार उघडून धरलं. निना आत बसली. आईने गाडी सुरू केली नाही.

"म्हणजे तुला कळलं," आई म्हणाली.

"तिथे बसल्यावर. आधी नाही."

"मी भिंतीपलीकडेच होते."

"हो."

"खोकली असतीस तरी चाललं असतं."

निना हसली नाही. आईही नाही. मग आईलाच आधी हसू फुटलं, आणि हसता हसता तिने डोक्याला बांधलेला रुमाल सोडून त्यात तोंड दाबलं, आणि किती वेळ ते बाहेर काढलं नाही. निना तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. बाहेर वेल्डिंग शिकणारी पोरं गाड्या काढत होती. त्यांतल्या एकाने काचेवर टकटक करून विचारलं, "मावशी, ठीक आहे ना?" निनाने हाताने त्याला जा म्हटलं.

"आता रड आवर," ती मग म्हणाली. "मे लांब नाही."

"तुझी जागा पक्की झाल्यासारखीच. तुला काय."

"लिंदा, एका तुकड्याला किती इंच कमी पडले?"

"मला नको विचारूस."

"कोमाद्रे, विचारतेय मी."

आईने रुमाल मांडीवर ठेवला. पुढच्या काचेतून ती समोरच्या कुंपणाकडे पाहत होती, पण कुंपण बघत नव्हती. तिचे ओठ हलत होते. उत्तर निनाच्या तोंडाशी आलं होतं, ते तिने गिळलं.

"एक," आई शेवटी म्हणाली. "प्रत्येकाला एक."

"का?"

आणि आईने चावी फिरवली नाही. ती पहिल्यापासून, एकेक पायरी मोठ्याने सांगू लागली.