आघाड्याची बाटली

“कोणी हलवलं?”

सकाळी प्रयोगशाळेत पाऊल टाकताच ती आधी हे विचारायची. नमस्कार नाही, ‘चहा झाला का’ नाही. काचेच्या कपाटातली एखादी बाटली बोटभर जरी सरकलेली दिसली, की प्रश्न आलाच. मी तिथला परिचर, पंचवीस वर्षं कपाटं पुसणारा. पहिल्याच आठवड्यात माझं डोकं असं फिरलं म्हणता! “भूत हलवतं, ताई,” म्हणालो. तिनं शांतपणे विचारलं, “किती वाजता?”

अशी ही आमच्या धुळ्याच्या कॉलेजातली पीएच.डी.ची विद्यार्थिनी. अमळनेरहून रोज एसटीनं यायची. ड्रायव्हरच्या मागची खिडकी मिळाली नाही, तर ती गाडी सोडून द्यायची. विषय काय, तर तण! शेतकरी जन्मभर जे उपटून बांधावर फेकतो, त्याच्या बिया हिनं बाटल्यांत जपून ठेवलेल्या. केना, कुंजरू, आघाडा, गोखरू... चौऱ्याऐंशी बाटल्या.

बोलताना ती डोळ्यांत बघायची नाही. मला वाटायचं, पोरगी शिष्ट आहे. एकदा भर मे महिन्यात तिनं पंखा बंद केला, तेव्हा मी तडकलोच. तिनं सॅकमधून डॉक्टरांचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

“नाना, मला ऑटिझम आहे. मी उद्धट नाही.” मग पंख्याकडे बोट करून म्हणाली, “त्याची खरखर डोक्यात जाते. तेल घातलं तर चालेल.”

घातलं बुवा तेल. तेव्हापासून आमचं जमलं. अकराला दोघांचा चहा, तिचा बशीशिवाय, आणि बोलायचं नाही. माझ्या तोंडाची टकळी दिवसभर चालू असते, पण ती दहा मिनिटं मला फार आवडायला लागली.

मग व्हायवाचा दिवस आला. पाच वर्षांचं काम, आणि सगळं त्या एका दिवसावर. हॉलमध्ये कुठे उभं राहायचं, परीक्षक कुठून येणार, तिनं सगळं कागदावर लिहून काढलं होतं. टाळ्या वाजवू नयेत, हेही. आता बाहेरचे परीक्षक येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय, लग्नघरच! रांगोळी, सामोसे, झाडलोट. मलाही चेव चढला. आदल्या संध्याकाळी तिचं कपाट रिकामं केलं, बाटल्या घासूनपुसून लख्ख केल्या आणि उंच मागे, बुटक्या पुढे अशा लावल्या, शाळेच्या फोटोत मुलं उभी करतात तशा.

“कोणी हलवलं?”

“मीच! छान दिसतंय ना?”

ती कानांवर हात दाबून खाली बसली. कोणती बी किती दिवसांत उगवते, त्या क्रमानं बाटल्या लावलेल्या होत्या. तो क्रम म्हणजेच तिचा प्रबंध, आणि रोज तेच कपाट पुसणाऱ्या मला ठाऊक नव्हतं.

“मॅडम, माती खाल्ली मी,” मी तिच्या गाईडना जाऊन सांगितलं. आम्ही परत आलो तेव्हा ती उठून एकेक बाटली टेबलावर मांडत होती. हॉलमध्ये चल म्हटलं, तर म्हणाली, “आधी हे.”

शेवटी परीक्षकच प्रयोगशाळेत आले. म्हातारे गृहस्थ. टेबलाशी वाकले आणि हळूच विचारलं, “ही आधी का?”

“ती लवकर उगवते.” आणि का उगवते, कोणत्या मातीत, किती खोलीवर, सगळं सांगत सुटली. हात थांबले नाहीत, मान वर झाली नाही. त्यांनी आघाड्याची बाटली उचलली तर म्हणाली, “होती तिथेच ठेवा.” त्यांनी मुकाट्यानं ठेवली! दीड तास माणूस उभा होता. चौऱ्याऐंशीवी बाटली जागेवर गेली, तसे ते म्हणाले, “अभिनंदन, डॉक्टर.” दारात गर्दी होती, पण टाळी एकानंही वाजवली नाही. मी तर तोंडात रुमाल धरून रडत होतो.

आता ती जळगावला शिकवते. खोटं कशाला बोलू, अकराचा चहा एकट्याला गोड लागत नाही. कपाट तसंच आहे. नव्या पोरांना मी हात लावू देत नाही. ती अधूनमधून येते. यायची असली, की मी आघाड्याची बाटली तेवढी दोन बोटं सरकवून ठेवतो.

मागच्या खेपेलाही दारातूनच आवाज आला, “कोणी हलवलं?”

“भूत,” मी म्हणालो.

“साडेदहाला,” बाटली जागेवर ठेवत ती म्हणाली. “मी स्टँडवरून फोन केल्यावर.”

आणि माझ्याकडे न बघता हसली.