चौदा नंबरच्या खोलीतला खडू

सुरुवातीलाच सांगते, या सदरातले अनुभव मी आजपर्यंत फक्त खोड्या काढायला वाचत आले. कुणी लिहिलं की विहिरीपाशी बाई दिसली, तर खाली माझा प्रश्न ठरलेला — अंतर किती होतं आणि उजेड कुठून येत होता? अशा गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. वरूडकडच्या आमच्या गावात ज्या झाडाखाली दुपारी कुणी जात नाही, त्या झाडाच्या चिंचा मी लहानपणी एकटीने खाल्ल्या आहेत, आणि दात आंबण्यापलीकडे मला काही झालं नाही. त्यातून शिक्षण गणिताचं. सिद्ध करून दाखवा, नाहीतर बसा खाली, असा आमचा खाक्या.

म्हणून हे लिहायला मला तीन वर्षं लागली. आता हसायची पाळी तुमची आहे, खुशाल हसा.

अमरावतीतल्या एका कॉलेजात मी एम.एस्सी. करत होते. नाव सांगत नाही, तिथे अजून माझ्या ओळखीची माणसं आहेत. जुनी दुमजली इमारत. जिना चढून डावीकडे गेलं की व्हरांड्याच्या टोकाला शेवटची खोली, नंबर चौदा. दार एकच. खिडक्या तीन, तिन्हींना कबुतरांसाठी जाळी. भिंतीलाच काळा रंग देऊन केलेला लांबलचक फळा. तिथे रिअल ॲनालिसिस शिकवायला जे सर होते, त्यांना अख्खं कॉलेज 'दार-लाव सर' म्हणायचं. आत आले की पहिला शब्द — "दार लाव." बॅगा बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर, मोबाइल बॅगेत. आत यायचं ते वही आणि आपलं नशीब घेऊन.

सरांची पद्धत अशी होती. प्रमेय फळ्यावर लिहायचं, कुणाच्या तरी हातात खडू द्यायचा आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं. फळ्यापाशी उभा असलेला अडला की मागून एकच शब्द यायचा — "पुढे?" रागवायचे नाहीत, हसायचे नाहीत आणि सांगायचेही नाहीत. तास संपला तरी सिद्धता झाली नाही, तर तो खडू घरी न्यायचा. दुसऱ्या दिवशी त्याच खडूने, त्याच ओळीपासून पुढे. आमच्या वर्गातला एक पोरगा चार दिवस शर्टाच्या खिशात खडू घेऊन फिरत होता. मेसमध्ये जेवायला बसला तरी खिसा पांढरा.

पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं होतं, खडू दोनच प्रकारे खाली ठेवता येतो. एक, सिद्धता पूर्ण करून. दोन, सगळ्यांसमोर 'मला येत नाही' असं म्हणून. हा दुसरा प्रकार म्हणजे आम्ही टोमणाच समजलो. दोन वर्षांत तो कुणीही वापरला नाही. आम्ही आपलं म्हणायचो, सर, उद्या करते.

मीही तेच म्हटलं आणि खडू घरी नेला. प्रमेय कोणतं होतं ते सांगून तुम्हाला छळत नाही. माझं घोडं तिसऱ्या ओळीवर अडत होतं एवढंच लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी मी तासाला गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग जायची लाज वाटायला लागली आणि जाणंच सुटलं. खडू कंपासपेटीत पडून राहिला. एक खडू फेकायला असा किती वेळ लागतो? पण तेवढंही माझ्याच्याने झालं नाही.

पेपर अर्थातच गेला. पुन्हा दिला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला त्याच दिवशी बाबांचा फोन आला. ते आणि आई कुणाच्या तरी लग्नात होते, मागे बँड वाजत होता. निकालाचं काय झालं, म्हणाले. मी म्हटलं, निघाला विषय. तोंडातून गेलं ते गेलं. बाबांनी त्या मांडवात किती जणांना सांगितलं कोण जाणे, कारण आठवडाभर मला मावश्या-आत्यांचे कौतुकाचे फोन येत होते. नियमाप्रमाणे आता एकच संधी उरली होती. ती गेली की एम.एस्सी. गेली, आणि खोटंही उघडं पडणार. तेवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

नोव्हेंबरात परीक्षेच्या तयारीची सुट्टी लागली आणि एका सकाळी बाबा माझ्या खोलीच्या दारात हजर. संत्र्यांच्या गाडीत बसून आले होते. हातात कापडी थैली, तिचं तोंड सुतळीने बांधलेलं. पहाटे स्वतः तोडलेली संत्री, प्रत्येक देठाला दोन हिरवी पानं. ताज्या मालाची खूण म्हणून बाबा ती ठेवतातच. एक काढून त्यांनी मला दिलं, रस मनगटापर्यंत ओघळला. मग थैली पुन्हा बांधत म्हणाले, "ज्या सरानं तुले पास केलं, त्यायले माह्या हातानं देतो."

आता आली का पंचाईत! कॉलेजच्या गेटवर मी दुसरं खोटं बोलले — बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. बाबांना टपरीवर चहा सांगून बसवलं आणि थैली घेतली. बेत साधा होता. वर जाऊन दहा मिनिटं काढायची, संत्री शिपाईकाकांना देऊन टाकायची, खाली येऊन सांगायचं की सर खूश झाले. फोनमध्ये पाहिलं, बारा चाळीस. ही वेळ पक्की आठवते, कारण मला दहा मिनिटं मोजायची होती.

व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. चौदा नंबरपाशी जाऊन मागे वळणार तोच आतून आवाज आला.

"खडू आणला?"

आवाज सरांचाच. तो ओळखण्यात माझी चूक होणं शक्यच नाही. दार अर्धं उघडं होतं. सर शेवटच्या बाकावर, पाठीमागे खिडकी, त्यामुळे चेहरा अंधारात. माझी बोबडी वळली. बॅगेतल्या कंपासपेटीतून खडू काढला, बॅग आणि थैली सवयीने बाहेरच्या बाकावर ठेवली आणि आत गेले. सर म्हणाले, दार लाव. लावलं.

माझं तेच प्रमेय फळ्यावर लिहिलेलंच होतं. मी पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहिली. तिसरी लिहिली, आणि मागून आलं — "पुढे?"

पुढे काहीच नव्हतं... पुसलं, परत सुरुवात केली, परत तिसरी ओळ, परत तोच प्रश्न. असं चार-पाचदा झाल्यावर ठरवलं की काही झालं तरी निघायचं, बाबा खाली बसलेत. दारापाशी गेले. आता हे नीट वाचा, कारण इथेच लोक हसतात. दाराला कुलूप नव्हतं. साधी कडी होती, ती हाताला लागतही होती. पण कडीला हात लावला रे लावला की मला पुढची ओळ सुचायची. अगदी लख्ख. आता जमलंच, एवढं लिहून टाकू आणि जाऊ, असं वाटायचं, आणि मी परत फळ्यापाशी. लिहून बघते तर तीच मेली तिसरी ओळ, फक्त वेगळ्या शब्दांत.

असं किती वेळा? दहापर्यंत मोजलं, मग मोजणं सोडून दिलं. पाय सुजले. भूक लागली, मग मेली. घसा भुकटीने कोरडा पडला, पण खडू काही झिजत नव्हता. खिडकीतलं ऊन दुसऱ्या बाकावर पडलं होतं, ते तसूभर हललं नाही. जाळीला तोंड लावून मी बाबांना हाक मारली. ती खिडकी गेटच्या बाजूला नाही हे मला माहीत होतं, तरी मारली. एकदा सरळ खाली बसून रडले. मागून, अगदी त्याच सुरात, तो एकच शब्द.

रडून झाल्यावर मी ती तिसरी ओळ नुसती वाचली. लिहिण्याच्या नादात ती मी कधी वाचलीच नव्हती. आणि दिसलं. जे सिद्ध करायचं होतं, तेच मी त्या ओळीत खरं धरून चालले होते. शब्द बदलून, चिन्हं बदलून, दीड वर्ष तेच. मग मला ते लग्नातलं फोनवरचं बोलणं आठवलं. घरीही मी हेच केलं होतं. कधीतरी होईनच पास, म्हणून आधीच होऊन टाकलं होतं. इतकी लाज वाटली की सरांशी बोलायची पुस्तकी भाषासुद्धा मी विसरले.

"सर, मले येत नाही," मी म्हटलं. "आन मी पास बी नाही झाली. घरी खोटं सांगतलं."

"मग खडू ठेव."

फळ्याखालच्या फळीवर खडू ठेवला आणि वळले. शेवटचा बाक रिकामा होता. दार अर्धं उघडं, मी आले तेव्हा होतं तसंच.

बाहेर शिपाईकाका किल्ल्या घेऊन येत होते. मला पाहून थबकले. "तू इथं काय करून राहिली? सर त चार दिवसांपासून अकोल्याले हायेत. डोयाचं ऑपरेशन झालं त्यायचं." मी बॅगेतून फोन काढला. बारा बावन्न झाले होते.

खाली आले तर बाबांचा चहा अजून संपला नव्हता. थैली परत आलेली पाहून त्यांनी विचारलं, सर भेटले नाहीत काय? मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, आणि नुसती तोलूनच त्यांच्या कपाळाला आठी पडली. हलकी लागली त्यांना. सुतळी सोडली. आतली संत्री सुरकुतली होती, साली आवळून आल्या होत्या, पानं वाळून कुरकुरीत. एक पान बाबांच्या बोटांत चुरगळलं आणि त्याचा भुगा झाला.

"हा माल पंधरा दिवसांचा हाये," बाबा म्हणाले. मग सुतळी उलटसुलट करून पाहिली. "पन गाठ त माहीच होती."

तुम्ही म्हणाल, कुणीतरी थैली बदलली. बाबांनी बांधलेली गाठ आमच्या गावात दुसऱ्या कुणाला सुटत नाही, बांधायची गोष्ट दूरच. आणि त्यातलं एक संत्रं मी स्वतः सकाळी खाल्लं होतं.

तिथेच टपरीसमोर उभी राहून मी सगळं सांगून टाकलं. आधी नापासाचं, मग खोलीचं. बाबा थैलीत बघत ऐकत राहिले. मग एवढंच विचारलं, किती डाव नापास? मी म्हटलं, तीन. त्यांनी त्या वाळक्या संत्र्यांतलंच एक सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. आत चोथा झाला होता, तरी दोघांनी खाल्लं.

"तिथं वरते काय झालं ते मले समजत नाही," बाबा म्हणाले. "पन पोरगी नापास झाली हे त समजते ना मले. ते त सांगाचं होतं."

पुढच्या आठवड्यात ते मला एसटीने अकोल्याला घेऊन गेले, जठारपेठेत सरांच्या घरी. नवी थैली, नवी संत्री. सर काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. बाबांनी थैली त्यांच्यापाशी ठेवली आणि म्हणाले, "पोरगी नापास हाये सर, तरी घ्या." मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. मग मी झाला प्रकार जसाच्या तसा सांगितला. वाटलं, आता हाकलून देतील. पण सरांनी फक्त विचारलं, कोणत्या ओळीवर अडलीस? मी म्हटलं, तिसऱ्या. ते बराच वेळ एक संत्रं हातात घेऊन चाचपत राहिले.

"मीही तिथंच अडलो होतो," सर म्हणाले. "त्याच खोलीत. तुझ्याएवढा होतो."

मी विचारलं, मग तुम्ही बाहेर कसे आलात? त्यावर सर वही काढ म्हणाले. मी एकेक ओळ मोठ्याने वाचायची, त्यांनी ऐकायची, असे तीन तास शिकवलं. आणि त्या दिवशी प्रत्येक ओळीच्या पुढचं सांगितलंसुद्धा. बाबा बाजूला बसून डुलक्या घेत होते. निघताना सवयीने मी दार ओढून घ्यायला गेले.

"राहू दे," सर म्हणाले. "उघडंच राहू दे."

त्या परीक्षेत मी पास झाले, काठावर का होईना, पण खरीखुरी. या वेळी निकालाचा कागद घरी नेला. बाबांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि मगच आईला दिला. आता मी अकोल्यातच एका क्लासमध्ये शिकवते. वर्गाचं दार लावत नाही. रस्त्यावरचा गोंगाट आत येतो, मालक कुरकुरतात, कुरकुरू देत.

कारणं शोधून थकले आहे. माझी एक डॉक्टर मैत्रीण म्हणते, ताण आणि अशक्तपणा. मान्य, माझ्या डोक्यात काय वाटेल ते होऊ शकतं. पण संत्र्यांना कसला ताण? सिद्धतेसारखं मांडायला बसले की तीन ओळी होतात. फोनप्रमाणे बारा मिनिटं गेली. माझ्या पायांप्रमाणे पाच-सहा तास गेले. संत्र्यांप्रमाणे पंधरा दिवस गेले. तिन्ही पुन्हा पुन्हा वाचून पाहिल्या आहेत, यातलं काहीही मी गृहीत धरलेलं नाही.

पुढे? मला येत नाही.